डब्यातलं वायफाय

मी चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. त्यामुळे घरातली कुठलीही वस्तू दुरुस्तीला बाहेर गेली की मला ती माझी बेअब्रू वाटते. माझी बायको पद्मा म्हणते, म्हणूनच आमच्या रहाटणीच्या फ्लॅटमधल्या निम्म्या वस्तू बाहेरही जात नाहीत आणि चालतही नाहीत.

पद्मा फिजिक्स शिकवायची. ओजस झाला तेव्हा तिनं नोकरी सोडली. तो सातवीत गेल्यावर तिनं पुन्हा अर्ज करायला सुरुवात केली आणि ताथवड्याच्या एका ज्युनिअर कॉलेजकडून बोलावणं आलं. मुलाखत ऑनलाइन होती आणि त्यातच एक छोटा तास घेऊन दाखवायचा होता. आमचा कॉम्प्युटर मात्र हॉलमध्ये, राउटरला वायरनं जोडलेला, आणि हॉलमध्ये दिवसभर आईचा टीव्ही. कॉम्प्युटर आतल्या खोलीत हलवायचा तर त्याला वायफाय हवं, आणि ते त्यात नव्हतं.

पद्मानं सरळ लांब वायर आणायला सांगितली. मी हसलो. माळ्यावर माझा मेलेला लॅपटॉप पडला होता. त्यातलं वायफायचं कार्ड, बोटाच्या दोन पेरांएवढं, अजून धडधाकट होतं. असं कार्ड मोठ्या कॉम्प्युटरमध्ये बसवायला एक स्वस्तातला बोर्ड मिळतो. कार्ड बोर्डावर बसतं आणि बोर्ड कॉम्प्युटरच्या खाचेत. मी त्यातला सगळ्यात स्वस्त मागवला. त्याच्याबरोबर अँटेना येत नव्हत्या, म्हणून लॅपटॉपच्या झाकणातल्याच काढल्या: दोन बारीक काळ्या वायरी आणि टोकाला चपट्या पट्ट्या.

शनिवारी कॉम्प्युटर आतल्या खोलीत हलवून सगळं जोडलं. सीपीयूचा डबा उघडाच होता, वायरी बाहेर लोंबत होत्या आणि इंटरनेट झकास चालत होतं. मी आईलासुद्धा बोलावून दाखवलं. आईनं विचारलं की आधी काय वाईट चाललं होतं.

मुलाखतीच्या सकाळी मला त्या लोंबत्या वायरी बघवेनात. मी त्या व्यवस्थित गुंडाळून डब्यात आतून चिकटवल्या, झाकण लावलं, स्क्रू आवळले आणि वरून फडकं मारलं. पद्मानं विचारलं, पुन्हा चालू करून पाहिलंस का? मी म्हणालो, एकदा पाहिलंय की. कंपनीत माझ्या हाताखालच्या कुणी असं उत्तर दिलं असतं तर मी त्याला मीटिंगमध्ये उभा केला असता.

मुलाखत सुरू झाली आणि पद्माचं बोलणं तुकड्यातुकड्यानं जायला लागलं. पलीकडे तिघं होते; त्यातल्या प्राचार्या बाई शांतपणे म्हणाल्या की मॅडम, तुमचा आवाज येत नाहीये. मी दाराबाहेर उभा होतो. आत धावलो, टेबलाखाली शिरलो, स्क्रू फिरवून झाकण काढलं आणि वायरी ओढून जितक्या वर धरता येतील तितक्या वर धरल्या. चित्र हललं. आवाज आला. फक्त वायरी आखूड असल्यामुळे मला टेबलाखालीच बसावं लागलं, आणि माझा हात टेबलाच्या कडेवरून पद्माशेजारी वर आलेला कॅमेऱ्यात दिसायला लागला.

"मॅडम, हा हात कोणाचा?" प्राचार्या बाईंनी विचारलं.

पद्मानं खाली माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "माझ्या नवऱ्याचा. मी तयारी प्रकाशाच्या अपवर्तनाची केली होती, पण आता हाच तास घेते."

तिनं मला वायरी पुन्हा डब्यात टाकून झाकण लावायला सांगितलं. मला वाटलं, तिचं डोकं फिरलं. पण मी लावलं. चित्र गोठलं. मग तिनं टेबलावर टकटक केली, मी झाकण काढून हात वर केला, आणि समोरची तिन्ही माणसं पुन्हा हलायला लागली. त्यातले एक सर हसत होते. मग पद्मानं फळ्यासमोर उभी असल्यासारखं सांगितलं, की पत्र्याच्या बंद डब्यात लहर नीट शिरत नाही आणि आतली नीट बाहेर पडत नाही. धातूतले विद्युतभार सरकतात आणि तिला अडवतात. मोबाइलवरचा कॉल लिफ्टमध्ये का तुटतो, तेही तिनं त्यातूनच उलगडलं. मधूनमधून ती मला हात खालीवर करायला लावत होती आणि मी करत होतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी कधी इतकं मुकाट्यानं ऐकलं नव्हतं.

तिचा शिकवतानाचा आवाज मी कित्येक वर्षांत ऐकलाच नव्हता. घरातल्या आवाजापेक्षा तो वेगळा होता. त्यात घाई नव्हती. टेबलाखाली, धुळीत, हाताला मुंग्या आलेल्या असताना मला एकदम वाटलं की हा तास लवकर संपू नये.

संपला तेव्हा मला उठता येईना. पाय पार बधिर झाले होते. पद्मानं दोन्ही हातांनी ओढून मला बाहेर काढलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं; हसून की कशानं, ते मी विचारलं नाही.

"तुला समोर बसवून शिकवायचं राहिलंच होतं," ती म्हणाली.

चार दिवसांनी कॉलेजचा फोन आला, तिला घेतलं होतं. प्राचार्या बाईंनी जाता जाता विचारलं म्हणे, की अकरावीच्या तासाला तेवढे तुमचे मिस्टर मिळतील का. पद्मानं त्यांना सांगितलं, त्यांची शिफ्ट बघून कळवते.