तीस सेंटिमीटरचा प्रवास

मित्रांनो, विमानाची तिकिटं काढून देणाऱ्या ऑफिसातला मी एक जुना पृथ्वीगोल. पत्र्याचा, जरासा कललेला, घेर बरोबर शंभर सेंटिमीटर. कारखान्यात रंगवताना माझं एक बेट चुकून समुद्राच्या निळ्याखाली गेलं. तिथून अजून तक्रार आलेली नाही.

पूर्वी माझा मान टेबलावर होता. गिऱ्हाईक मला गरकन फिरवायचं, सगळ्या जगावर बोट ठेवायचं आणि तिकीट बहिणीच्या गावाचं काढायचं. पुढे कॉम्प्युटर आला आणि मी कपाटावर, मोडक्या छत्रीशेजारी गेलो.

एका दुपारी शेजारचे शिंपीमास्तर आत, तिकिटं काढून देणाऱ्या ताईकडे आले. गळ्यात टेप, पायांत दोन निराळ्या चपला. त्यांची मुलगी त्या दिवशी नोकरीसाठी एकटीच परदेशी निघाली होती.

"ताई, विमान सकाळी सहाला सुटलं. पोचायची वेळ साडेदहा. साडेचार तासांचा रस्ता. आता दोन वाजलेत, फोन बंद. काय ते खरं सांगा."

कॉलर केसभर चुकली तर अख्खा शर्ट उसवणारा हा माणूस, पण दोन देशांच्या घड्याळांची वजाबाकी त्याने बेधडक केली होती. मी हसणार होतो. ते गळ्यातली टेप बोटाला गुंडाळत होते, सोडत होते. ते पाहिलं आणि राहिलो.

"मास्तर, बसा आधी. ते साडेदहा तिथले. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे आठ."

ताईने पडद्यावर विमान दाखवलं, तर झालं भलतंच.

"हे वर बर्फाकडे चाललंय. जायचंय डावीकडे. भरकटलं ना?"

तेव्हा ताईने मला खाली काढलं, ओढणीने पुसलं. "घ्या, तुम्हीच मोजा."

मास्तरांनी माझ्या पोटावर, आपल्या गावापासून मुलीच्या मुक्कामापर्यंत, टेप आडवी लावली. चौतीस सेंटिमीटर.

"गिऱ्हाइकाचं माप असं सैल घेता?" ताई म्हणाली.

मास्तरांनी सवयीने टेप ताणली. ती आपोआप वर, बर्फाकडे सरकली. तीस.

"गोल अंगावर आडवं माप लांब पडतं," ते पुटपुटले. "पायलटला कळतं म्हणायचं."

"एक सेंटिमीटर म्हणजे चारशे किलोमीटर. झाले बारा हजार. लागतात चौदा तास."

मग मास्तर माझ्याजवळच बसून राहिले. दर तासाला बोट दोन सेंटिमीटर पुढे. आठ वाजले, बोट टोकाला टेकलं, फोन मुका. ताईने ऑफिस बंद केलं नाही. सव्वाआठ झाले. मास्तर पाणीसुद्धा घेईनात.

आठ वीसला फोन वाजला.

"बाबा, उतरले. जेवलात का?"

"ते राहू दे. तिथे किती वाजले?"

"दहा पन्नास."

मास्तरांनी मनगटावर पाहिलं, डोळे पुसले. "बरोबर बसलं," ते म्हणाले.

मित्रांनो, घरातलं कोणी लांब निघालं, की अडगळीतला माझा एखादा भाऊ खाली काढा. धूळ पुसा आणि मागे राहणाऱ्याला त्याच्याजवळ बसवा. आमचा रंग उडाला असेल, पण वाट अजून बोटाला सापडते.