मास्तरांचं पोट आणि विमानाची दांडी

मास्तरांनी गॅरेजात विमान बांधायला घेतलं तेव्हा बायकोनं कपाळावर हात मारून घेतला. गाडी बाहेर उन्हात, आणि आत हे एका माणसापुरतं खेळणं! पण विमान वर-खाली वळवायच्या दांडीवरच्या वायरी झाकायची चामड्याची खोळ शेवटी तिनंच शिवली. मास्तरांना साधं बटण लावायची मारामार.

"बघ, एक तरी वायर दिसतेय?" मास्तरांनी छाती फुगवली. छातीआधी पोट पुढे आलं.

"झाकलंत हो. आत नीट बांधलंय ना?"

"पट्ट्या आवळल्यात सगळीकडे. दांडी हलायला हवी, म्हणून बुडाशी तेवढं सैल ठेवलंय. शंभरदा बसून बघितलंय मी."

उद्या सकाळी ते पहिल्यांदा उडणार होते, एकटेच. तिला धास्ती वाटत होती, पण कबूल करेल तर शपथ.

"सरका, मला बसू दे."

मास्तरांना गहिवरून आलं. इतकी वर्षं नाक मुरडणारी बायको चक्क विमानात!

ती अंगानं काडी. बसली, दांडी धरली आणि खस्सकन पोटाशी ओढली.

"अगं अगं, हळू!"

दांडी पार मागे आली, पण पुढे जाईना. तिनं दोन्ही हातांनी ढकलली. ढिम्म!

मास्तर पांढरेफटक पडले. त्यांनी खोळ उसवली. सैल ठेवलेला वायरींचा वेढा सीटखालच्या बोल्टात जाऊन अडकला होता.

"हे वर आकाशात झालं असतं तर?" तिनं विचारलं.

मास्तरांनी वेढा बोल्टातून सोडवला.

"आणि शंभरदा बसलात तेव्हा कसं नाही अडकलं?"

मास्तरांनी मान खाली घातली. खाली पोट होतं. दांडी दरवेळी त्या पोटाला टेकून थांबायची आणि यांना वाटायचं, आली शेवटपर्यंत!

तिला हसू फुटलं आणि मधेच विरलं. वजन उतरवायचं म्हणून तीच त्यांना दोन महिने अर्धपोटी ठेवत होती. आणखी महिनाभर ठेवलं असतं तर? पोट उतरलं असतं आणि दांडी थेट आकाशातच अडकली असती!

"उद्या कुठेही उडायचं नाही. बांधा ते आधी," ती ओरडली. आवाज मात्र रडका निघाला.

मास्तरांनी वेढा पट्टीनं दांडीलाच बांधला. ती सीटवरून हलली नाही. दांडी मागेपुढे, डावीउजवीकडे ओढत राहिली, हात भरून येईपर्यंत.

रात्री मास्तर नेहमीसारखे अर्ध्या जेवणावरून उठायला लागले.

"बसा," ती म्हणाली, आणि त्यांनी न मागताच तिनं त्यांचं ताट पुन्हा भरलं.