गव्हाखालची पोकळी

आर्मेलला घाबरायला कारण लागत नसे. कुंपणाआडच्या कुत्र्यांना ती घाबरायची, मागून येणाऱ्या सायकलींना घाबरायची, आणि उभं आयुष्य औषधाच्या दुकानात काढूनही साध्या पडशाला घाबरायची. नवरा, रेजीस, होता तोवर तो तिची थट्टा करायचा आणि थट्टा करता करता तिचा हात धरून तिला रस्त्यापलीकडे न्यायचा. तो गेल्यावर त्याच्या थोरल्या बहिणीने, जोझियानने, ठरवून टाकलं की भावजयीला घरात कुजू द्यायचं नाही. दर गुरुवारी सकाळी ती आर्मेलच्या दाराशी हजर व्हायची. घंटा वाजवायची नाही; चालायच्या काठीने खिडकीच्या लाकडी झडपेवर ठोकायची.

"उठलीस का? की आज पायऱ्यांचीही भीती वाटतेय?"

जोझियान पूर्वी शाळेत खेळाची शिक्षिका होती. सत्तरी उलटली तरी आवाज अजून मैदानभर जाईल असा, आणि चाल अशी की आर्मेलला मागे जवळजवळ धावावं लागे. तसं चालायला कुर्झे गावाभोवती अवघड काहीच नव्हतं. ल्वार नदीच्या अंगाला थोडा उतार, बाकी सगळी जमीन तळहातासारखी सपाट. गहू, मोहरी, पुन्हा गहू, आणि या सगळ्याच्या कडेला रोशव्हेरचा किल्ला, पांढऱ्या भिंतींचा, निळसर छपरांचा. कुठूनही चाला, तो दिसतच राहायचा. त्याच्या फाटकासमोरच्या हॉटेलात कॉफी प्यायची आणि बसने परत यायचं, असा दोघींचा नेम.

त्या वर्षी हिवाळाभर पाऊस कोसळला होता. एप्रिलमध्ये ऊन पडलं तरी वाटेवरच्या चाकोऱ्यांत पाणी साचलेलं होतं. शेतकरी गातेलिएच्या शेताशी आल्यावर वाट म्हणजे नुसता चिखल झाला होता. जोझियानने काठी उचलली आणि सरळ शेतात शिरली. फवारणीच्या ट्रॅक्टरने गव्हातून चाकांचे दोन उघडे पट्टे पाडले होते, त्यातल्या एकावरून ती चालू लागली.

"अगं, गातेलिए ओरडेल," आर्मेल म्हणाली.

"ओरडू दे. त्याला मी दोरीवर चढायला शिकवलंय, आणि तो रडला होता तेव्हा."

"जमीन मऊ लागतेय."

"पाऊस पडला की जमीन मऊच होते, आर्मेल. सपाट जमिनीला घाबरणारी बाई मी आयुष्यात पहिल्यांदा पाहतेय."

आर्मेल तिच्यामागून निघाली. गहू गुडघ्याला लागत होता. वर कुठेतरी चंडोल एकसारखा गात होता. जोझियान पुढे चालता चालताच, मागे न बघता बोलत होती, नेहमीसारखी.

"आणि हे बघ, रेजीसचे बूट अजून दारात ठेवलेस तू. काल पाहिले मी. दोन वर्षं झाली. रविवारी मी येते, आणि आपण दोघी मिळून ते–"

आणि जोझियान नव्हती.

ती पडली नाही, घसरली नाही, किंचाळली नाही. कुणी ओलं पोतं टाकावं तसा एक दबका आवाज आला, आणि समोर नुसता गहू होता. आर्मेलला आधी वाटलं, ती बुटाची नाडी बांधायला वाकली. मग वाटलं, थट्टा करतेय. तिने हाक मारली. चंडोल वर गातच होता. मग तिला दिसलं, की पुढच्या पट्ट्यात गव्हाची काही ताटं उलटी लोंबताहेत, मुळं वर करून, आणि त्यांच्या पलीकडे काळं आहे.

पळावंसं वाटलं, पण पळायचं म्हटलं तरी पाय ठेवायचा कुठे? ज्या जमिनीवर ती उभी होती तीच ती जमीन होती.

नदीच्या उतारावर तळघरांसारख्या गुहा होत्या, हे गावात प्रत्येकाला ठाऊक होतं. कुणी त्यांत वाइन ठेवी, कुणी अळंबी लावी. रोशव्हेरच्या भिंतींचा मऊ पांढरा दगड तिथूनच काढलेला. पण दगड काढणारे आत किती लांबवर गेले असतील, वर गहू उभा असतो त्याच्या खाली किती पोकळ असेल, याचा विचार तिने कधी केला नव्हता. आता तो एकदम, सगळाच्या सगळा तिच्या पायांखाली आला.

ती खाली बसली, मग पोटावर आडवी झाली आणि इंचाइंचाने पुढे सरकली.

"जोझियान!"

"ओरडू नको." आवाज फार खालून आला, आणि तो तिचा वाटलाच नाही. "तू ओरडलीस की माती पडते."

"लागलंय का तुला?"

"एक पाय जाणवतोय. दुसऱ्याचं काय झालंय ते कळत नाही. कंबरेपर्यंत गाडली गेलेय मी. अंधार आहे गं इथे. खूप मोठं आहे हे."

आर्मेलने पडल्यापडल्याच फोन काढला. दोनदा आकडे चुकले. बंबवाल्यांच्या कचेरीतली बाई शांतपणे विचारत गेली. नक्की कुठे आहात? जवळ घर आहे? झाड? खांब? आर्मेलने मान उचलून पाहिलं. चहूकडे फक्त गहू. मग तिला किल्ला दिसला.

"रोशव्हेरचा मोठा बुरूज आणि प्रार्थनाघराचं टोक इथून एकाच रेषेत दिसतं, एकामागे एक. गातेलिएचं शेत."

"छान. माणसं निघालीत. आता नीट ऐका. उभ्या राहू नका. आलात तशाच सरपटत मागे जा, रस्त्यापर्यंत. तिथे थांबा."

आर्मेलच्या मनातून एकदम ओझं उतरलं. मागे जायला सांगितलं होतं; तिने ठरवलं नव्हतं, तिला सांगितलं होतं. ती मागे सरकू लागली.

"आर्मेल? काय करतेयस?"

"ते म्हणतात, मागे जा."

"जाऊ नकोस," जोझियान म्हणाली.

एवढ्या वर्षांत तिने आर्मेलजवळ काही मागितल्याचं आर्मेलला आठवत नव्हतं. भावाला मूठमाती देतानासुद्धा ती ताठ उभी होती, आणि लोकांनी गाड्या कुठे लावायच्या ते सांगत होती.

"नाही जात," आर्मेल म्हणाली. तिला जायचं होतं. त्या क्षणी तिला जगात दुसरं काहीच नको होतं. "इथेच आहे. बोल तू."

"तूच बोल. मला बोललं की धूळ जाते तोंडात."

काय बोलणार? पाठीवरची पिशवी काढून तिने शेजारी ठेवली आणि आत काय काय आहे ते सांगू लागली. लोणी लावलेला पाव, खायला कोवळे मुळे, बकरीच्या दुधाचं चीज, जोझियानला आवडत नाही तेच. बोलता बोलता तिच्या हनुवटीखालच्या मातीत केसाएवढी रेघ दिसत होती. ती आधीपासून होती की आत्ता उमटली हे तिला ठरवता येईना. ती रेघेकडे बघत होती आणि मुळ्यांबद्दल बोलत होती.

आणि तेव्हा पोटाला काहीतरी जाणवलं. आवाज नव्हता तो. जमिनीतूनच येणारी बारीक थरथर. खड्ड्याच्या कडेवरून मातीचे कण सुटून आत पडू लागले.

"हे काय आहे?" खालून जोझियान.

आर्मेलने मान वर केली. शेताच्या दूरच्या टोकाकडून ट्रॅक्टर येत होता. मागे फवारणीची टाकी, दोन्ही बाजूंचे नळ्यांचे दांडे पंखांसारखे दुमडलेले. गातेलिएला आपल्या गव्हात आर्मेलचं लाल जाकीट दिसलं असणार. तो चाकांच्या त्याच पट्ट्यांवरून नाकासमोर येत होता.

तिने पडल्यापडल्या हात हलवला. काही उपयोग झाला नाही. बंद काचांमागे त्याला काय ऐकू जाणार?

उभ्या राहू नका, असं त्या बाईने सांगितलं होतं.

आर्मेल उठली आणि पळाली. उभ्या आयुष्यात ती अशी पळाली नव्हती. प्रत्येक पाऊल टेकताना तिला वाटे, आता हे गेलं. आणि टेकलं की पुढचं उचलायला धीर उरत नसे, तरी ते उचललं जाई. जाकीट काढून ते डोक्यावर फिरवत ती ट्रॅक्टरच्या पुढ्यात गेली आणि दोन्ही हात पसरून उभी राहिली. चाक तिच्या खांद्याइतकं उंच होतं. ते थांबलं.

गातेलिएने दार उघडलं. "वेड लागलंय का, बाई? माझा गहू काय बागेतली हिरवळ वाटली तुम्हाला?"

"इंजिन बंद करा! खाली पोकळ आहे. जोझियान आत पडलीय. बंद करा आधी!"

"मागे घेतो–"

"मागेही नको! काही हलवू नका!"

त्याने किल्ली फिरवली. थरथर थांबली आणि चंडोलाचं गाणं पुन्हा ऐकू यायला लागलं. गातेलिए तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला, मग त्याने स्वतःच्या चाकांकडे पाहिलं, मग मागच्या टाकीकडे.

"भरलेली आहे," तो हळूच म्हणाला.

गडी दांडगा होता, पण खाली उतरला तो निजलेल्या मुलाच्या खोलीतून बाहेर पडावं तसा. दारसुद्धा लावलं नाही.

"माझा बाप इथे नांगरायचा," तो म्हणाला. "त्याचा बापही. इथे काही नाहीये. इथे कधीच काही नव्हतं." कपाळावर घाम आला होता. "चला, रस्त्याकडे चला, बाई. इथे थांबू नका."

"ती एकटी आहे."

"तुम्ही काय करणार आहात तिथे जाऊन?"

"काही नाही," आर्मेल म्हणाली. "तुम्ही जा. बंबवाल्यांना वाट दाखवा."

तो गेला. आपण पळतोय असं दिसू नये म्हणून हळू चालत गेला, आणि अर्ध्या वाटेवर गेल्यावर पळालाच. आर्मेल पुन्हा पोटावर झाली. पहिल्यांदा ती सरपटली होती तेव्हा तिला फारसं माहीत नव्हतं. आता सगळं माहीत होतं. गव्हाचे ओले देठ तोंडाला लागत होते, आणि ती पुढचा हात टेकवण्याआधी तळव्याने जमीन दाबून बघत होती, जणू जमीन आधी सांगणार होती.

पिशवी ठेवली होती तिथे पिशवी नव्हती. ती जिथे पडून मुळ्यांबद्दल बोलत होती, ती जागाच नव्हती. खड्ड्याचं तोंड तिथवर आलं होतं.

"जोझियान?"

काही नाही.

"जोझियान!"

खालून धुळीचा पांढरा लोट संथपणे वर येत होता. आर्मेलने तोंडावर हात दाबला. तिला रेजीसला हाक मारावीशी वाटली, आणि तिने मारलीही बहुतेक.

मग खोकला ऐकू आला. बराच वेळ, कोरडा, छाती फाडणारा.

"कुठे मेली होतीस?" जोझियान म्हणाली. मग आवाज चिरकला. "तुझी पिशवी पडली गं माझ्यावर. मला वाटलं तू. अंधारात मी चाचपत होते तुला. इतका वेळ तुझा हात शोधत होते."

ती रडत होती. आर्मेल तिला ओळखत होती तेव्हापासून पहिल्यांदाच.

बंबवाले येईपर्यंत दोघींचं बोलणं एकेका शब्दावर आलं होतं. आर्मेल अधूनमधून फक्त "आहे" म्हणत होती, आणि खालून "हं" येत होतं. त्यांनी शिड्या जमिनीवर आडव्या घातल्या, त्यांवर फळ्या टाकल्या आणि आर्मेलला पायांना धरून मागे ओढून घेतलं. मग त्यांच्यातली एक सडपातळ मुलगी कमरेला दोर बांधून आत उतरली. तासचे तास गेले. आर्मेल रस्त्यावर घोंगडी पांघरून, गातेलिएच्या शेजारी बसून होती. त्याने दोनदा विचारलं, घरी सोडू का. दोन्ही वेळा तिने मानेनेच नको म्हटलं. उन्हं कलली, किल्ल्याच्या भिंती पिवळ्या झाल्या, आणि तेव्हा त्यांनी जोझियानला वर काढलं. नखशिखांत पांढरी, डोळे मिटलेली, एक पाय भलत्याच दिशेला. पण छाती हलत होती.

पाय वाचला, पण पुढे तो कधी नीट वाकला नाही. तूर शहरातल्या इस्पितळात भेटायला गेल्यावर आर्मेल खाटेच्या कडेवर बसायची आणि जोझियान नर्सना शिस्त लावायची. एका दुपारी मात्र ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मी पाहिलं तिथे. त्या मुलीने दिवा लावला तेव्हा. भिंतींवर हत्यारांचे घाव आहेत, अगदी ताजे वाटावेत असे. चौकोनी कापलेले दगड रांगेने ठेवलेत, न्यायला कुणी आलंच नाही. आणि दोन्हीकडे ते नुसतं जातच राहतं. गावाकडेसुद्धा." मग तिने आर्मेलकडे पाहिलं. "तुझं घर कुठे येतं गं त्यात?"

त्या दिवसापासून आर्मेल घरी स्वयंपाकघरात भिंतीला धरून चालायला लागली.

जूनमध्ये, जोझियानला घरी सोडल्यावर, दोघी आर्मेलच्या गाडीने त्या बाजूला गेल्या. कल्पना जोझियानचीच. गातेलिएच्या शेतात आता मोठं कुंपण होतं, लाल-पांढऱ्या पट्ट्या वाऱ्यावर फडफडत होत्या, आणि भोवती गहू पिकायला आला होता. आर्मेलने गाडी डांबरी रस्त्यावर मधोमध उभी केली.

"कडेला घे, मागून कुणी आलं तर?"

"नाही घेत," आर्मेल म्हणाली.

जोझियानने गाडीतच पाव कापला, चीज लावलं, एक तुकडा आर्मेलला दिला. दोघींनी समोर बघत खाल्लं. मग आर्मेलने दार उघडलं, एक पाय डांबरावर ठेवला, दुसरा ठेवला आणि उभी राहिली. गवताची कड दोन पावलांवर होती. ती तिथवर गेली नाही. वारा सुटला की गहू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे लवत जाई, आणि तो लवला की ती दाराची कड घट्ट धरे.

"तुझं खरं होतं असं मी म्हणणार नाहीये हं," जोझियान आतून म्हणाली.

"नको म्हणूस."

"मग आत ये. ये ना. बस आत." आणि आर्मेल बसल्यावर, काच वर करता करता, हळूच: "दार नीट लागलंय का बघ."

आर्मेलने दार पुन्हा एकदा ओढून घेतलं. परत जाताना तिने लांबचा रस्ता घेतला, नदीच्या पुलावरून, जिथे खाली काय आहे ते दिसत होतं.