गुरुजींच्या गाडीचा भाव

फरहानानं गाडीच्या पुढच्या चाकाला लाथ मारली आणि तोंड वाकडं केलं.

"टायर तं गेलेलंच हाय, मावशी."

बेबीनंदा उंबऱ्यावर बसली होती. लाथ बघून ती जरा पुढे सरकून बसली. गेल्या पाच महिन्यांत या गाडीला ज्यानं हात लावला त्यानं देवाला लावावे तसे दोन्ही हात लावले. लाथ ही पहिलीच.

"गेलं न्हाई. अर्धं हाय आजून."

"अर्धं हाय तं भावबी अर्धाच सांगा मंग."

फरहाना कपड्यांचं गठुडं घेऊन मंठ्यापासून वाटूरपर्यंतच्या खेड्यांतून फिरायची. एसटी चुकली की पायी. एका टाचेला तिनं चिकटपट्टी लावली होती, आणि गठुडं ओट्यावर टाकल्यावरही ते उचलणारा तिचा खांदा खालीच राहिला होता. भीमनगरात एक बॅटरीची स्कूटर विकायला आहे, एवढंच तिच्या कानावर आलं होतं. कुणाची, कशासाठी, हे तिला माहीत नव्हतं. बेबीनंदानं सांगितलं नव्हतं.

गाडी राजानंद गुरुजींची, म्हणजे बेबीनंदाच्या नवऱ्याची. तीन वर्षं ते या गाडीवरून शाळेत गेले, आणि निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना एका दुपारी घरातच गेले. वर्षानं त्यांच्या आठवणीत केलेल्या पुण्यानुमोदनाला विहारात माईक हातात आला तेव्हा बेबीनंदा बोलून गेली, की गाडी विकून येईल तो पैसा अभ्यासिकेला, मुलींच्या खुर्च्या-पुस्तकांसाठी. टाळ्या पडल्या. लोकांना तिच्या मनाचा मोठेपणा दिसला. तिला स्वतःला एवढंच कळत होतं, की आता माघार घेता येणार नाही आणि गाडी एकदाची दारातून जाईल.

कारण किल्ली फिरवली की ती गाडी दोन सुरांत वाजायची, आणि तो आवाज आला की बेबीनंदाचा हात आपोआप गुरुजींच्या शाळेच्या डब्याकडे जायचा. बॅटरी पडून मरू नये म्हणून दर रविवारी चार्जिंग करून किल्ली फिरवावी लागे. दर रविवारी ती फळीवरच्या डब्यापर्यंत जाऊन परत येई.

पण माईकवर बोललेली गोष्ट गावभर झाली होती. गुरुजींचे जुने विद्यार्थी येऊ लागले. कल्याण गाडी घ्यायला आला, सीटवरून हात फिरवला, डोळे पुसले. "गुरुजींच्या गाडीचा भाव मी कसा करू, काकू?" म्हणाला आणि अभ्यासिकेसाठी पाकीट ठेवून गेला. रामप्रसादनं तेच केलं. हरिओमनं गाडीसोबत फोटो काढला, देणगी दिली आणि चहा पिऊन गेला. शिक्षकदिनाला कुणीतरी हँडलला झेंडूचा हार घातला. ज्या माणसानं जन्मभर पूजेला लांबूनच हात जोडले, त्याची गाडी फुलात बसली. येणारी पाकिटं बेबीनंदा विहार समितीच्या कडूबांकडे पोचवत राहिली. गाडी जागची हलली नाही. नळावर जाताना तिच्या बाजूनं अंग चोरूनच जावं लागायचं.

"बॅटरी किती चालती?" फरहानानं विचारलं.

"पैले साठ किलोमीटर. आता चाळीस म्हण. चढाला दम लागतो."

"कोणाला, तुम्हाला का गाडीला?"

"दोघींला."

फरहाना हसली, पण भाव सोडला नाही. चौदा हजारांपासून सुरू झाली, बेबीनंदा वीसला अडून बसली. "इतक्यात तं मी घोडा घेईन," एक म्हणाली. "घे की, त्याला गवत तू कापून आण," दुसरी म्हणाली. कितीतरी दिवसांनी बेबीनंदाचा आवाज चढला होता. हेल्मेटसकट सतरा हजारांवर सौदा ठरला. फरहानानं किल्ली फिरवली. गाडी वाजली. बेबीनंदानं उजवा हात डाव्या हातानं मांडीवर दाबून धरला.

तेवढ्यात फाटक वाजलं.

"जय भीम, वहिनी," कडूबा आत आले. त्यांचा चेहरा आनंदानं फुलला होता. पण सौद्याचा आकडा त्यांनी बाहेरूनच ऐकला होता; गाडीजवळ फरहाना दिसली तसा तो उतरला. "सतरा? गुरुजींच्या गाडीला सतरा? अहो बाई, तुम्हाला ठावं हाय का, ही दानाची गाडी हाय. अभ्यासिकेसाठी इकून राह्यल्यात त्या."

फरहानाचा हात हँडलवरून खाली आला.

"या अल्ला. मावशी, तुम्ही बोलल्याबी न्हाई. मी लाथ मारली तिला."

"गाडीलाच मारली ना," बेबीनंदा म्हणाली.

"सवाबाच्या, पुण्याच्या कामात मी घासाघीस केली. तोबा." तिनं कमरेच्या बटव्यातून पाचशेची नोट काढून ओट्यावर ठेवली आणि गठुड्याची गाठ आवळून ते खांद्यावर घेतलं. "हे माझ्याकडनं ठिवा. गाडी राहू द्या."

बेबीनंदा नोटेकडे बघत राहिली. पाकिटं अशीच आली होती.

"मी तेच सांगायला आल्तो," कडूबा ओट्याच्या कडेला टेकले. "देणग्या पुरल्या, वहिनी. समद्या खुर्च्या आल्या, पुस्तकं आली. तुमचा शब्द पुरा झाला. आता गाडी इकायची गरजच न्हाई. समितीनं ठरवलं, विहाराच्या दारात काचंची पेटी करायची आन् तिच्यात गाडी ठिवायची. येता-जाता रोज दिसंल तुम्हाला."

त्यांचे डोळे खरंच भरून आले होते. बेबीनंदानं पदर खांद्यावर घेतला, मग पुन्हा घेतला.

"शब्द पुरा झाला म्हंता, भाऊजी?"

"बिलकुल पुरा. वरून थोडं उरलं."

"मंग ती आता दानाची न्हाई राह्यली."

कडूबांनी डोकं खाजवलं. "तसं बघितलं तं... बराबर हाय."

"म्हंजे माझी हाय. मी इकीन न्हाई तं भंगारात टाकीन." तिनं नोट उचलून फरहानाच्या मुठीत कोंबली. "आन् तू गठुडं खाली ठिव. ठरलं ते मोडलं. नव्यानं भाव कर."

"मावशी, आता माझ्या तोंडातनं निघायचं न्हाई."

बेबीनंदा उठली. गुडघ्यावर हात देऊन उठावं लागलं. ती गाडीपाशी गेली आणि एकेक जागा दाखवू लागली.

"मागचा ब्रेक करकरतो. स्टँड नीट बसत न्हाई. सीट फाटली, मी सुईदोऱ्यानं शिवली, पाऊस आला की पाणी मुरतं. डावा आरसा न्हाई."

फरहानानं गठुडं दुसऱ्या खांद्यावर घेतलं. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली.

"आरसा कितीला येतो?" फरहानानं विचारलं, गाडीकडे न बघता.

"तीनशेला."

"तीनशेला कुटं?" फरहानानं गठुडं हळूच ओट्यावर टेकवलं. "मंठ्यात साडेतीनशेच्या खाली मिळत न्हाई, मावशी. साडेतीनशे कमी करा."