धरलंय

“हे लिहिलेलं तुमच्या जोडीदाराचंच ना?” पोलीस चौकीतल्या साहेबांनी छापलेला कागद माझ्याकडे सरकवला.

त्याचंच होतं. दादाला लिहिताना कधी स्वल्पविराम सापडला नाही. आम्ही देखभाल करायचो त्या एका इमारतीची लिफ्ट पुन्हा अडकली होती. तिथल्या सेक्रेटरींनी रहिवाशांच्या ग्रुपवर आम्हा दोघांची अक्कल काढली. त्यावर दादानं लिहिलं होतं, ‘सेक्रेटरीसाहेब एकटे लिफ्टमध्ये चढले की मला कळवा वरून दोर कापतो रोजची कटकट मिटेल.’

कागदावर तेवढंच होतं. सेक्रेटरींनी फोटो काढला तेव्हा त्याखाली माझं उत्तर यायचं होतं. ‘तू काप, मी खालून धरतो,’ असं मी लिहिलं होतं आणि पुढे चार हसरे चेहरे टाकले होते. मग एक रहिवासी ‘पोलिसांत द्या’ म्हणाला, तशी माझी तंतरली आणि मी माझं पुसून टाकलं. दादानं त्याचं पुसलं नाही. त्यात पुसण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंच नव्हतं.

सव्वीस वर्षं आम्ही दोघं लिफ्ट दुरुस्त करत होतो. हे काम जोडीनंच करावं लागतं. एकजण वर मशीनरूममध्ये मेन स्विच बंद करून त्याच्याजवळ उभा राहतो, दुसरा खाली लिफ्टच्या खड्ड्यात उतरतो. वरचा फोनवर म्हणतो, “धरलंय.” मगच खालचा उतरतो. काम संपवून तो बाहेर येतो आणि म्हणतो, “निघालो.” तो शब्द ऐकू येईपर्यंत वरच्यानं स्विचजवळून हलायचं नाही, मग तास जावो की दोन तास. नियमाप्रमाणे स्विचला कुलूप घालून किल्ली खालच्यानं आपल्या खिशात ठेवायची असते. दादा वर असला की मी किल्ली कधी मागितली नाही.

आणि दोर कापायची भाषा तर आमची रोजचीच. चहा गार आला की दादा चहावाल्याचा दोर कापायचा. मी उशिरा पोचलो की माझा. कारण आम्हाला माहीत असतं, लिफ्टला एक दोर नसतो, पाच असतात. त्यातले चार गेले तरी एकटा पाचवा लिफ्ट तोलून धरतो, आणि तोही गेला तर खालचे ब्रेक आपोआप आवळतात. दोर कापून लिफ्ट पडत नाही. हे आमच्या इतकं अंगवळणी पडलेलं, की आत उभं राहणाऱ्याला ते माहीत नसतं हे आमच्या डोक्यातच आलं नाही.

मला साहेबांना हे एवढंच सांगायचं होतं.

“यांना दोर कापता येतो का हो?” साहेबांनी विचारलं.

माझा फोन शर्टाच्या खिशात होता. साहेबांनी तो मागितला तर? मी खिशावर हात ठेवला. “त्यांना लिफ्टची सगळी माहिती आहे, साहेब,” मी म्हणालो. यात खोटं काही नव्हतं. साहेबांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

“ते म्हणतात चेष्टा केली. तुम्ही जोडीदार. चेष्टाच होती?”

“त्यांच्या मनात काय होतं, मी कसं सांगणार?”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “एरवी असल्या मेसेजला कोण विचारतं? पण तिथल्या सातव्या मजल्यावरच्या मावशींनी तो वाचला आणि लिफ्ट सोडली. चार दिवस जिना चढल्या-उतरल्या, पाचव्या दिवशी पडल्या. खुबा मोडलाय त्यांचा. आता त्यांना सांगू का मी, की चेष्टा होती म्हणून?”

मी सही केली आणि बाहेर पडलो. बाहेर बाकावर वहिनी बसल्या होत्या. “सांगितलंत ना भावजी सगळं?” त्यांनी विचारलं. मी मान डोलावली.

दादाला जामीन मिळाला तो अटीवर. निकाल लागेपर्यंत कुठल्याही मशीनरूममध्ये पाय ठेवायचा नाही. कंपनीनं त्याचं कार्ड काढून घेतलं. मला नवा जोडीदार मिळाला, पोरगा चांगला आहे, पण मी त्याच्याकडून किल्ली मागून घेतो. दोन महिने मी दादाकडे फिरकलो नाही. मग मलाच कोर्टाचं बोलावणं आलं, सोमवारी साक्षीला. रविवारी दुपारी मी त्याच्या घरी गेलो. सगळं कबूल करायचं, असं ठरवून गेलो होतो.

तो सहाव्या मजल्यावर राहतो. तो नुकताच भाजी घेऊन आला होता आणि दारातच धापा टाकत उभा होता.

“लिफ्ट बंद आहे का?” मी विचारलं, मी स्वतः लिफ्टनंच आलो होतो तरी.

“हे जिन्यानंच जातात,” वहिनी म्हणाल्या. “हे आत शिरले की बाकीची माणसं उतरतात.”

“व्यायाम होतो,” दादा म्हणाला. “बस, छोट्या.” अठ्ठेचाळीस वर्षांचा झालो तरी त्याच्या लेखी मी छोट्याच.

वहिनी चहाला आत गेल्या. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तोच म्हणाला, “मावशींचा खुबा कसा आहे आता?”

“काठी घेऊन चालतात म्हणे.”

त्यानं भाजीची पिशवी बाजूला ठेवली. “पाच दोर असतात, हे त्यांना कोण सांगणार होतं? मी सांगायचं ते. शिक्षा होईल तर होऊ दे. मी चेष्टा केली, पण त्या काही चेष्टेत पडल्या नाहीत.”

“दादा, तो मेसेज—”

“पुसलास ते बरं केलंस. मी वाचला होता.” आवाज अगदी साधा होता. “दोघांची कार्डं जाऊन काय करायचंय?”

म्हणजे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि साहेबांसमोर त्यानं माझं नाव काढलं नव्हतं. माझ्या जबाबाची प्रत टीपॉयवर होती. ‘लिफ्टची सगळी माहिती आहे’ हे माझं वाक्य कुणीतरी पेन्सिलीनं अधोरेखित केलं होतं. मी चहा प्यालो. ठरवलेलं एक अक्षरही तोंडातून फुटलं नाही. लाज वाटत होती आणि, खरं सांगायचं तर, सुटल्यासारखंही वाटत होतं. त्या सुटल्यासारखं वाटण्याची लाज अजून जात नाही.

तो लिफ्टपर्यंत सोडायला आला. दार उघडलं, मी आत शिरलो. तो बाहेरच थांबला, बटणाच्या बाजूला भिंतीवर हात टेकून.

“जा,” तो हसून म्हणाला. “धरलंय मी.”

दार मिटलं. पाचवा, चौथा, तिसरा. तळमजल्यावर उतरून मी फोन काढला, त्याचा नंबर लावला आणि रिंग जायच्या आत बंद केला. एक शब्द म्हणायचा होता. तो म्हटला असता तर दोघंही मोकळे झालो असतो, तो घरात जायला आणि मी सोमवारी कोर्टात गप्प राहायला.

मी जिन्याकडे वळलो. चौथ्या मजल्यावर गुडघे बोलायला लागले. कठडा धरून दोनदा थांबलो. सातव्या मजल्यावरून रोज कुणी कसं उतरत असेल, याचा विचार करत उरलेले दोन मजले चढलो.

दादा लिफ्टच्या दाराशी होता तिथेच उभा होता, हात अजून भिंतीवर.

“निघालो म्हणाला नाहीस,” तो म्हणाला.