सहावी गोळी

वायोमिंगच्या माळावर जुन्या सहा घरांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये पाचच गोळ्या भरतात. घोड्याचा ठोका बसतो ते घर रिकामं ठेवायचं, म्हणजे रिव्हॉल्व्हर पडलं तरी गोळी उडत नाही. वर्डाने हट्टाने नवऱ्याच्या, हार्लनच्या रिव्हॉल्व्हरला सुरक्षेचे नवे भाग बसवून आणले. मग तो बिनधास्त सहा भरू लागला.

"चाप बघ किती जड झालाय, वाळूत फावडं ओढल्यासारखा! कुणी सांगितला होता शहाणपणा?"

"जीव वाचतो ना? मग ओढ की जोराने."

महिन्याभराने त्याने गुपचूप जुने भाग परत बसवले. सहाची सवय मात्र राहिली.

मंगळवारी कुंपण दुरुस्त करताना रिव्हॉल्व्हर कमरेवरून दगडावर पडलं.

दफनानंतर शेजारणीने आणलेले बटाटे वाढायला वर्डा चमचा शोधत होती. ड्रॉवरमध्ये तिला ते नवे भाग दिसले, पिशवीत. तिने चमचा घेतला आणि ड्रॉवर लावून टाकला.