शेकाच्या पेटीआड लपलेला ताप

“उशीला धुराचा वास, पडद्याला धुराचा वास. उद्या दुधालासुद्धा येईल!” माझं झाकण उघडता उघडता धाकटी जाऊ पुटपुटली.

“मग नाक काढून ठेव खुंटीवर,” पलंगावरून थोरली म्हणाली.

मित्रांनो, हे गाऱ्हाणं माझ्याबद्दलचं. मी एक जुनी लाकडी शेकपेटी आहे. सुताराने मला घडवलं, तळाला जाळी ठोकली. एका औषधी झुडपाच्या वाळक्या पानांची कांडी माझ्या पोटात धुमसते आणि तिची ऊब जाळीतून माणसाच्या अंगाला लागते. सुया टोचून उपचार करणाऱ्या बाईंकडे मी वर्षानुवर्षं राबले. दुखऱ्या पाठींनी माझं कौतुक केलं आणि बरं वाटताच मला माळ्यावर टाकलं. चालायचंच!

मग बाईंनी मला थोरलीसाठी या घरात दिलं. “केमोने हिच्या पांढऱ्या पेशी घटल्यात. शेकाने, सुयांनी अंगाला थोडा आधार मिळतो का बघू,” त्या म्हणाल्या. “पण रोगावरचं औषध हॉस्पिटलचंच. आणि ताप आला तर क्षणभर थांबायचं नाही, थेट तिकडे जायचं.”

या घरात रोगाचं नाव मात्र कोणी घेत नसे. पाहुण्यांना सांगत, ‘जरा अशक्तपणा आहे.’ पुढे पुढे आपसातही तेच म्हणू लागले.

आज सकाळी धाकटीचा हात थोरलीच्या कपाळाला लागला आणि तिचा चेहरा उतरला. “कोणाला बोललीस तर बघ,” थोरलीने दटावलं. उद्या केमो होती. पेशी कमी म्हणून ती आधीच पुढे ढकलली होती. आता थोरलीला ती चुकवायची नव्हती.

धाकटी मला पेटवणार, तोच दारावरची बेल वाजली. बाई आल्या. त्यांनी थोरलीचं मनगट धरलं आणि त्या थबकल्या.

“ताई, अंग तापलंय.”

“पेटीचा शेक हो तो.”

“आत्ताच उतरवली,” धाकटी खाली बघत म्हणाली.

मला तोंड असतं तर मी ओरडले असते. बाईंनी माझ्यावर तळवा ठेवला. मी गार होते. त्यांनी सुयांचं पाकीट पुन्हा पिशवीत टाकलं.

“ताप कधीपासून आहे?”

धाकटी उशीचा अभ्रा नुसता पिळत राहिली.

“उद्याचं होऊन जाऊ दे, मग सांगू,” थोरली म्हणाली. तिचे दात वाजत होते. “एवढ्याशा अशक्तपणाचा बाऊ कशाला?”

मित्रांनो, माझी ऊब खुशाल घ्या. नको तेव्हा मला माळ्यावरही टाका. पण माझ्या नावाखाली ताप झाकू नका. मी शेक देते, राखण करू शकत नाही.

धाकटीने अभ्रा फेकला. थोरलीच्या चपला पलंगाखालून ओढून तिच्या पायांपुढे ठेवल्या.

“उठा. अशक्तपणा नाही, कॅन्सर आहे तुम्हाला. आणि हा ताप असाच लपवलात ना, तर मराल तुम्ही, जाऊबाई.”